पारख करणाऱ्यांची परीक्षा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस अमेरिकेत एक विलक्षण कार्यक्रम होतो. त्यात मैदान नसतं, चेंडू नसतो, हारजीतही नसते. एक मंच असतो. त्यावर एक माणूस येतो, हातातल्या चिठ्ठीवरचं नाव वाचतो आणि निघून जातो. थोड्या वेळाने पुन्हा येतो, दुसरं नाव वाचतो. असं तीन दिवस चालतं. अडीचशेच्या आसपास नावं वाचली जातात, आणि ती ऐकायला लाखो लोक दूरचित्रवाणीसमोर ठाण मांडून बसतात.

या कार्यक्रमाला 'ड्राफ्ट' म्हणतात. अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक स्पर्धेत, म्हणजे नॅशनल फुटबॉल लीगमध्ये, ३२ संघ आहेत. कॉलेजात खेळून तयार झालेले तरुण या संघांनी पाळीपाळीने निवडायचे, अशा सात फेऱ्या. गेल्या हंगामात जो संघ तळाला राहिला त्याची पाळी पहिली, आणि जो जिंकला त्याची शेवटची. इथे बोली लागत नाही. ज्या संघाने नाव घेतलं, त्याच संघाशी त्या मुलाने करार करायचा. मुलाला विचारलं जात नाही. संघ मात्र आपली पाळी दुसऱ्याला देऊन बदल्यात काही पदरात पाडून घेऊ शकतात.

मी कविता लिहिणारा माणूस. या धिप्पाड लोकांच्या खेळात मला रस का वाटावा, असं कुणी विचारेल. मला रस आहे तो त्यातल्या एका प्रश्नात. माणूस आतून कसा आहे हे बाहेरून ओळखता येतं का? हा प्रश्न सोडवण्यासाठी अमेरिकेने नव्वद वर्षं पैसा, यंत्रं, डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ असं सगळं पणाला लावलं. त्याचा जो इतिहास घडला तो ऐकण्यासारखा आहे.

आधी क्वार्टरबॅक म्हणजे कोण, ते पाहू. हा फुटबॉल बहुतांशी हाताने खेळतात. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. डाव सुरू झाला की चेंडू प्रथम ज्याच्या हातात येतो तो क्वार्टरबॅक. चेंडू कुणाला द्यायचा, कुठे फेकायचा, की स्वतःच घेऊन पळायचं, हे त्याने ठरवायचं. त्यासाठी वेळ किती? जेमतेम तीन सेकंद. तेवढ्यात समोरून सव्वाशे किलोचे गडी त्याला आडवं करायला धावत असतात. १९९४ पासून त्याच्या शिरस्त्राणात छोटासा रेडिओ बसवायची परवानगी आहे. त्यावरून प्रशिक्षक त्याला पुढचा डाव सांगतो. पण डाव सुरू व्हायला १५ सेकंद उरली की हा रेडिओ आपोआप बंद होतो. पुढचं सगळं त्या मुलाने एकट्याने निभवायचं. सगळी पारख खरी तर या शांततेतल्या माणसाची करायची असते, आणि तोच कुणाला दिसत नाही.

ड्राफ्टचा जन्म झाला तो गरजेतून. १९३० च्या दशकात अमेरिकेत मंदी होती. व्यावसायिक फुटबॉलचे संघ मोजके, त्यातही दोन-चार श्रीमंत. चांगला खेळाडू साहजिकच तिकडे जायचा. फिलाडेल्फिया ईगल्स या दुबळ्या संघाचा मालक होता बर्ट बेल. साखळीची ताकद तिच्या सगळ्यात कच्च्या कडीएवढीच असते, हे त्याचं म्हणणं. कच्च्या संघाला आधी निवडू द्या, म्हणजे स्पर्धा टिकेल, असं त्याने १९३५ मध्ये इतर मालकांच्या गळी उतरवलं. ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियातल्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात नऊ संघांचे लोक जमले. फळ्यावर ९० नावं लिहिली होती. त्यातली ८१ निवडली गेली. ना कुणाकडे खेळाडू हेरणारी माणसं, ना चित्रफिती. न्यूयॉर्क जायंट्सच्या मालकाचा मुलगा वेलिंग्टन मारा हा गावोगावची वर्तमानपत्रं मागवून कात्रणं जमवायचा. तेवढीच काय ती विद्या.

पहिला मान बेलच्याच संघाचा होता. त्याने शिकागो विद्यापीठाचा जे बर्वँगर निवडला. देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू म्हणून त्याचा नुकताच गौरव झाला होता. पण बर्वँगर व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. पैशाचं जमलं नाही. पुढे तो फोम रबरच्या व्यवसायात शिरला. निवडलेल्या ८१ पैकी निम्म्याहून अधिक तरुण या खेळाकडे फिरकलेच नाहीत. मंदीच्या काळात पक्की नोकरी मिळत असताना हाडं मोडून घ्यायची कुणी?

म्हणजे पहिल्या ड्राफ्टची पहिली निवडच फुकट गेली. पण पद्धत टिकली. क्वार्टरबॅकचं महत्त्व वाढलं, तसं चुकीच्या निवडीचं मोलही वाढत गेलं.

१९५५ ची गोष्ट. पिट्सबर्गच्या संघाने नवव्या फेरीत, १०२ व्या क्रमांकावर, आपल्याच गावचा एक मुलगा घेतला. नाव जॉनी युनायटस. हंगाम सुरू होण्याआधीच त्याला घरी पाठवलं. मुलगा बांधकामावर काम करू लागला आणि ब्लूमफील्ड रॅम्स नावाच्या हौशी संघातून सामन्याला सहा डॉलरवर खेळू लागला. पुढच्या वर्षी बाल्टिमोरच्या संघाने त्याला बोलावलं. २८ डिसेंबर १९५८ रोजी न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियममध्ये अंतिम सामना बरोबरीत सुटला आणि जादा वेळेत गेला. तिथे युनायटसने एकेक पाऊल मोजत संघाला विजयापर्यंत नेलं. हा खेळ दूरचित्रवाणीमुळे अमेरिकेच्या घराघरांत पोहोचला, त्याची सुरुवात अनेक जण या सामन्यापासून मानतात. ज्याच्यामुळे पोहोचला, तो पारख करणाऱ्यांनी टाकून दिलेला माणूस होता.

अशी चूक पुन्हा होऊ नये म्हणून काय करावं? डॅलस काउबॉइज हा संघ १९६० मध्ये सुरू झाला. त्याचा व्यवस्थापक टेक्स श्रॅम याने संगणकाचा आधार घ्यायचं ठरवलं. त्यासाठी आयबीएमच्या एका उपकंपनीतला जो संख्याशास्त्रज्ञ नेमला गेला, तो भारतातून आलेला होता. नाव सलाम कुरेशी. अमेरिकन फुटबॉल त्याला ठाऊक नव्हता, आणि हेच त्याच्या पथ्यावर पडलं. चांगला खेळाडू म्हणजे काय, असं त्याने प्रशिक्षकांना आणि खेळाडू हेरणाऱ्यांना अगदी मुळापासून विचारायला सुरुवात केली. तेव्हा लक्षात आलं की प्रत्येक जण शब्द तेच वापरतो, अर्थ मात्र वेगळा. एकाचा 'चपळ' दुसऱ्याच्या हिशेबी 'बरा'. शेकडो गुण समोर आले. ते गाळून त्याने पाच उरवले: चारित्र्य, चपळाई आणि शरीरावरचा ताबा, जिगर, तल्लख बुद्धी आणि ताकद. प्रत्येकाला आकडा द्यायचा, आणि आकडा देणाऱ्या माणसाचे पूर्वग्रह वजा करायचे.

शेवटचं कलम मला फार महत्त्वाचं वाटतं. खेळाडूला मोजण्याआधी मोजणाऱ्याला मोजा, असं या परदेशी माणसाने त्यांना सांगितलं. पुढच्या दोन दशकांत डॅलसचा संघ सातत्याने वर राहिला, आणि बाकीचे संघही संगणकाकडे वळले. तरीही गंमत बघा. डॅलसचा त्या काळातला सर्वांत मोठा क्वार्टरबॅक रॉजर स्टॉबाक संघाला मिळाला तो धीर धरल्यामुळे. १९६४ मध्ये दहाव्या फेरीत त्याचं नाव घेतलं तेव्हा तो नौदलाला बांधील होता. व्हिएतनाममधली नोकरी करून तो संघात यायला १९६९ उजाडलं. तोवर संघ थांबला.

मोजणाऱ्यांचे पूर्वग्रह म्हटले, की या इतिहासातल्या सगळ्यात काळ्या पानाकडे वळावं लागतं. १९३४ ते १९४५ या काळात या स्पर्धेत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. लेखी बंदी कुठेच नव्हती, पण कुणी कुणाला घेत नव्हतं. १९४६ मध्ये दार उघडलं. तरी क्वार्टरबॅकची जागा बंदच राहिली. कृष्णवर्णीयांनी पळावं, अडवावं, चेंडू झेलावा. विचार करायची जागा मात्र गोऱ्यांची, असा उघड समज होता. कॉलेजात क्वार्टरबॅक असलेला कृष्णवर्णीय मुलगा ड्राफ्टमध्ये आला की त्याची जागा बदलली जायची.

मार्लिन ब्रिस्कोला डेन्व्हरने १९६८ मध्ये चौदाव्या फेरीत घेतलं, ते बचावपटू म्हणून. आधी क्वार्टरबॅक म्हणून माझी चाचणी घ्या, असा त्याने आग्रह धरला. दुसऱ्यांच्या दुखापतींमुळे त्याला संधी मिळाली आणि त्या हंगामात त्याने १४ गोल करून देणारे पास फेकले. पुढच्या वर्षी ती जागा त्याला पुन्हा मिळाली नाही. तो दुसऱ्या संघात गेला आणि चेंडू झेलणारा खेळाडू झाला.

वॉरन मूनची कथा याहून बोलकी आहे. १९७८ च्या जानेवारीत वॉशिंग्टन विद्यापीठाला त्याने रोझ बोल हा मानाचा सामना जिंकून दिला. तरी व्यावसायिक संघांचं पालुपद एकच: जागा बदल. तो सरळ कॅनडात निघून गेला. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये तीनशेहून अधिक नावं पुकारली गेली, त्यात मूनचं नव्हतं. कॅनडात त्याने एडमंटनच्या संघाबरोबर लागोपाठ पाच वर्षं विजेतेपद मिळवलं. मग १९८४ मध्ये अमेरिकेतल्याच संघांनी त्याच्यासाठी धावाधाव केली. २००६ मध्ये तो फुटबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये दाखल झाला. हा मान मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक.

त्याच १९७८ मध्ये टँपा बे संघाने डग विल्यम्स या कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकला पहिल्या फेरीत घेतलं होतं. त्याला प्रत्यक्ष बघून आला होता त्या संघाचा एक साहाय्यक प्रशिक्षक, जो गिब्स. दहा वर्षांनी, ३१ जानेवारी १९८८ रोजी, गिब्स वॉशिंग्टनच्या संघाचा मुख्य प्रशिक्षक होता आणि विल्यम्स त्याचा क्वार्टरबॅक. सुपर बोलच्या पहिल्या सत्रात संघ ०-१० असा मागे पडला. दुसऱ्या सत्रात विल्यम्सने चार अचूक पास दिले, संघाने ३५ गुण केले आणि सामना ४२-१० असा जिंकला. १९६२ पर्यंत ज्या संघाने एकाही कृष्णवर्णीयाला मैदानात उतरवलं नव्हतं, तो हाच वॉशिंग्टनचा संघ.

हे सगळं जुनं झालं, असं म्हणता येईल का? २०१८ मध्ये लमार जॅक्सन ड्राफ्टला आला. कॉलेजातला सर्वोच्च सन्मान त्याने पटकावलेला होता. तरी त्याने चेंडू झेलणारा व्हावं, असा सल्ला नावाजलेल्या जाणकारांनी दिला. पहिल्या फेरीत सगळ्यात शेवटी, ३२ व्या क्रमांकावर, बाल्टिमोरने त्याला घेतलं. २०१९ च्या हंगामात तो एकमताने सर्वोत्तम खेळाडू ठरला, २०२३ मध्ये पुन्हा ठरला. २०२३ च्या फेब्रुवारीतल्या सुपर बोलमध्ये पहिल्यांदाच दोन्ही संघांचे क्वार्टरबॅक कृष्णवर्णीय होते. डोळा बदलायला किती वर्षं लागतात, ते या सनावळीवरून कळतं.

एव्हाना निवड हाच एक तमाशा झाला होता. १९८० मध्ये ईएसपीएन या वाहिनीने ड्राफ्टचं थेट प्रक्षेपण केलं. हॉटेलात बसून नावं वाचणं कोण बघणार, अशी शंका स्पर्धेच्या प्रमुखालाच होती. लोकांनी पाहिलं. १९८४ पासून मेल कायपर हा गृहस्थ पडद्यावर भाकितं करू लागला, आणि अंदाज वर्तवणं हा स्वतंत्र धंदा झाला. त्याआधीपासून ब्रुकलिनच्या एका लहानशा घरात जोएल बुक्सबॉम नावाचा माणूस हेच काम एकांतात करत होता. घराबाहेर तो फारसा पडत नसे. चित्रफिती बघायच्या, फोन करायचे, टिपणं काढायची. ह्यूस्टनच्या श्रोत्यांना तो रेडिओवरच्या आवाजाने ठाऊक होता. २००२ मध्ये तो गेला. संघांचे व्यवस्थापकही त्याची टिपणं आवर्जून वाचत.

चाचण्याही वाढल्या. १९८७ पासून इंडियानापोलिसमध्ये दरवर्षी मुलांना एकत्र आणून त्यांची उंची, वजन, पंजाची लांबी, उडी, ४० यार्डांची धाव असं सगळं मोजतात. १२ मिनिटांत ५० प्रश्नांची बुद्धिचाचणीही तिथे वर्षानुवर्षं होत असे. ती २०२२ मध्ये बंद केली. आता क्वार्टरबॅक सामन्यात सरळ ४० यार्ड कितीदा पळतो? क्वचितच. पण जे मोजता येतं ते मोजायचा मोह कुणाला आवरतो!

मग १९९८ आलं. पेटन मॅनिंग आणि रायन लीफ असे दोन क्वार्टरबॅक. पहिला कोण, यावर महिनोन्महिने वाद झाला. इंडियानापोलिसने मॅनिंगला घेतलं. दुसरा क्रमांक मिळवण्यासाठी सॅन डिएगोने दोन खेळाडू आणि पुढच्या वर्षीची पहिली पाळीसुद्धा देऊन टाकली, आणि लीफला घेतलं. मॅनिंग पाच वेळा सर्वोत्तम खेळाडू ठरला. लीफने सुरुवातीपासून खेळलेल्या सामन्यांपैकी चार जिंकले, सतरा हरले. चार हंगामांत त्याची कारकीर्द आटोपली. पुढे व्यसन, तुरुंग, आणि त्यातून सावरून इतरांना सावध करणारा माणूस, असा त्याचा प्रवास झाला. आज सगळे म्हणतात, हे तेव्हाच दिसत होतं. पण पहिल्या वर्षी मॅनिंगनेही २८ वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती दिला होता आणि त्याचा संघ १६ पैकी १३ सामने हरला होता. त्याला चुका करायला अवसर मिळाला, एवढं खरं.

आणि दोनच वर्षांनी, २००० मध्ये, टॉम ब्रेडी. ४० यार्ड धावायला त्याला ५.२८ सेकंद लागले. त्याच्या आधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले. सहाव्या फेरीत, १९९ व्या क्रमांकावर, न्यू इंग्लंडने त्याचं नाव घेतलं. २३ सप्टेंबर २००१ रोजी संघाचा प्रमुख क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो जबर जखमी झाला आणि ब्रेडी मैदानात आला. फेब्रुवारी २००२ मध्ये तो सुपर बोल जिंकला. त्या सामन्यात समोरच्या बाजूला होता कर्ट वॉर्नर. त्याला ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नव्हतं. मधल्या काळात तो एका किराणा दुकानात रात्रपाळीला फडताळं भरत असे. त्या रात्री जगातला सगळ्यात मोठा सामना खेळणाऱ्या दोन क्वार्टरबॅकांपैकी एक १९९ वा होता आणि दुसरा यादीतच नव्हता. ब्रेडीने एकूण असे सात सामने जिंकले.

पण ब्रेडीवरून नियम काढू नये. १९९ व्या क्रमांकावरचे बहुतेक जण विस्मरणात जातात, आणि वरच्या क्रमांकाचे तुलनेने अधिक टिकतात. प्रश्न आत्मविश्वासाचा आहे. अर्थशास्त्रज्ञ केड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांनी ड्राफ्टचा अभ्यास २००५ मध्ये मांडला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. थेलरना पुढे २०१७ मध्ये नोबेल मिळालं. एकाच जागेसाठी पाठोपाठ निवडलेल्या दोघांत आधीचा सरस निघण्याची शक्यता नाणेफेकीपेक्षा थोडीच जास्त असते, असं त्यांना आढळलं. तरी संघ वरच्या क्रमांकासाठी अवाच्या सवा किंमत मोजतात. भाकीत करणाऱ्यांचंही तेच. २०२५ मध्ये शेडूर सँडर्स पहिल्या फेरीत जाणार, असं अनेकांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. तो पाचव्या फेरीत, १४४ वा गेला.

बर्ट बेलच्या न्यायातली खोच इथेच आहे. दुबळ्या संघाला उत्तम मुलगा द्यायचा, हे ठीक. पण त्या मुलाचं काय? २००२ मध्ये ह्यूस्टनच्या नव्या संघाने डेव्हिड कारला पहिल्या क्रमांकावर घेतलं. त्याला वाचवणारी फळीच संघाकडे नव्हती. पहिल्याच हंगामात तो चेंडू हातात असताना ७६ वेळा जमिनीवर आपटला गेला. तो विक्रम आहे. उलट पॅट्रिक महोम्सला कॅन्सस सिटीने २०१७ मध्ये दहाव्या क्रमांकावर घेतलं आणि जवळजवळ वर्षभर अॅलेक्स स्मिथ या अनुभवी खेळाडूच्या मागे बसवून शिकवलं. मग २०२०, २०२३ आणि २०२४ असे तीन सुपर बोल त्याने जिंकून दिले. कारच्या जागी महोम्स असता तर? सांगता येत नाही. पण रोप चांगलं की वाईट, हे ठरवताना माती कुणाची होती हे विचारलं पाहिजे. निवडणाऱ्यांची खरी परीक्षा नाव पुकारल्यानंतर सुरू होते.

शेवटी एका माणसाचा उल्लेख करतो. न्यू इंग्लंडच्या संघात डिक रेबाइन हा क्वार्टरबॅकांचा प्रशिक्षक होता. २००० च्या वसंतात तो मिशिगनला जाऊन ब्रेडीला बघून आला आणि हा मुलगा घ्या, असं त्याने संघाला सांगितलं. बाकीचे संघ घड्याळ बघत होते, तेव्हा त्याला काहीतरी वेगळं दिसलं होतं. ६ ऑगस्ट २००१ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी, हृदयविकाराने तो वारला. ब्रेडी मैदानात उतरला तो त्यानंतर सात आठवड्यांनी. आपली पारख खरी ठरल्याचं रेबाइनला कळलं नाही. बरोबर ओळखणारा होता, एवढं मात्र इतिहासाने नोंदवून ठेवलं आहे.